मोगरा गट

राळेगाव तालुक्यातल्या माझ्या शाळेत पाचवीची काही मुलं वर्तमानपत्र घडाघडा वाचायची आणि काहींना जोडाक्षर दिसलं की तहान लागायची. यवतमाळच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, पातळीप्रमाणे गट करा, पण गटांना फुलांची नावं द्या, म्हणजे कुणाला कमीपणा वाटणार नाही. मी दिली. दुसऱ्याच दिवशी एक पोरगा दुसऱ्याला सांगत होता, "तुले काय समजते बे, तू तं मोगरा हायेस."

मग मी गट मोडले आणि जोड्या लावल्या. तहसीलमधल्या बाबूंची मुलगी सगळ्यांत छान वाचायची. तिच्याशेजारी पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, येणारी एक कोलाम मुलगी बसवली. हिच्या घरी कोलामीच. मराठी तिला शाळेतच भेटलेली. एकीनं दुसरीला मराठी शिकवावी, असा माझा बेत.

दिवाळीनंतर बाबू शाळेत आले. "मॅडम, मुलगी आईला म्हणते, ईर दे. ईर म्हणजे पाणी म्हणे. यासाठी शाळेत पाठवतो का आम्ही?"

"आणखी काय बोलते?"

"सगळंच बोलते. जागा बदला तिची."

मी बदलली. मधल्या सुट्टीत दोघी व्हरांड्यात एकाच डब्यातून खात कोलामीत हसत होत्या. तिथे माझं काही चालत नव्हतं.

पुढे तपासणीला साहेब आले. त्यांनी नेमकं कोलाम मुलीलाच उभं केलं. तिनं ओळीवर बोट ठेवून हळूहळू, पण बरोबर वाचलं.

"आता सदर उताऱ्याचा आशय स्वशब्दांत कथन कर," साहेब म्हणाले.

तिनं मागे वळून पाहिलं. बाबूंची मुलगी मागून कोलामीत काहीतरी पुटपुटली. तशी ही म्हणाली, "म्हातारीची बकरी हरपते. मंग सापडते, पण ते दुसऱ्याचीच रायते."

साहेब खूश झाले. "द्विभाषिक अध्यापन. चांगला प्रयोग आहे, मॅडम." मी नम्रपणे मान हलवली. प्रयोग उलट्या दिशेनं यशस्वी झाला होता, पण ते त्यांनी विचारलं नाही.

तहसीलमध्ये त्यांनी मुलीच्या कोलामीबद्दल बाबूंचंही अभिनंदन केलं. नंतर एसटी स्टँडवर बाबू भेटले, फार गोड बोलले. "भाषांची आवड आमच्या घरातच आहे. मॅडम, घरी इंग्रजी बोलणारी कोणी मुलगी आहे का वर्गात? तिच्याजवळ बसवून द्या."

"अजून तरी नाही," मी म्हटलं. "तोवर जुन्याच जागी बसू द्या."

ते लगेच हो म्हणाले. सोमवारी दोघी परत एका बाकावर आल्या, आणि मी शिकवत असताना इतक्या बोलल्या की शेवटी मला दोघींना उभं करावं लागलं.