गाऱ्हाणं मी घातलं

"यंदापासून गणपती बोरिवलीला, आमच्याकडे," दिरांनी फोनवर सांगून टाकलं. विचारलं नाही हं, सांगितलं! "वहिनी, तुमच्याकडे आता पुरुष माणूस नाही. गाऱ्हाणं कोण घालणार?"

"गणपती घाटकोपरलाच बसेल," मी म्हटलं आणि फोन ठेवला. 

नवरा जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. सकाळी बाजारातून बांगडे घेऊन आला, पिशवी ओट्यावर ठेवली आणि खुर्चीत बसला तो बसलाच. वर्षभर आम्ही सण केला नाही. मी देवापुढे दिवा लावायची, पण तोंडातून एक शब्द नाही. शेजारीण म्हणाली, "अगं, श्रद्धा उडाली काय तुझी?" उडेल कशी? परक्यावर कोणी रुसतं का? माझं भांडण होतं देवाशी, आणि भांडायला तो समोर हवा होता.

शिवाय गणपती म्हणजे माझ्या नवऱ्याचा जीव. मूर्तीवरची पानाफळांची माटवी तो स्वतः बांधायचा, आरतीला बेसूर ओरडायचा. गणपती या घरातून हलला असता, तर माझा माणूस दुसऱ्यांदा गेला असता. ते मी होऊ देणार नव्हते. मरो ते लोक काय म्हणतील!

गणपती आला. लेक पूजेला बसली. विसर्जनाच्या दिवशी दीर आले, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

आमच्या मालवणी घरांत गणपती उचलण्याआधी गाऱ्हाणं घालतात. एकजण देवाला घरचं सगळं सांगतो, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. दीर घसा खाकरून पुढे सरकले. त्यांच्याआधी मी नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा!"

लेकीने म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

"आज जी काय सेवा केली, ती गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता शेजारीही.

"पण माझो माणूस नेलंस, तां बरां केलंस नाय म्हाराजा!"

याला कुणी 'व्हय' म्हटलं नाही. माझा आवाज फाटला, पण थांबले नाही. "तां मी इसरूचंय नाय. आणि तुकाय सोडूचंय नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लेक रडत रडत ओरडली. मग सगळेच.

"पोराबाळांका सुखी ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि फुडच्या वर्साक ह्याच घराक ये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज दिरांचा. सवयच ती. म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"फसवलंत वहिनी!"

"देवासमोर बोललात भावोजी. आता मागे फिरता येत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. मोठा भाऊ गेल्यावर हा माणूस माझ्यासमोर कधी रडला नव्हता.

"दादा असता," ते म्हणाले, "तर देवाशी असं भांडायची त्याची छाती झाली नसती."

"झाली असती," मी म्हटलं. "मी गेले असते ना, तर झाली असती."