सुलतानची लाळ

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या डॉबरमन क्लबात अजून कुणी तरी म्हणतं, "त्या बाईंनी नळ्यांचा घोळ घातला," आणि मी ऐकून घेतो.

बाई काचीगुड्याच्या, जुन्या हैदराबादी मराठी घरातल्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या. डॉबरमनची हृदयं ऐन उमेदीत बंद पडतात. त्याचं मूळ शोधणाऱ्या प्रयोगशाळेला आमचा क्लब कुत्र्यांच्या लाळेचे नमुने पाठवायचा. ते काम बाईंनी अंगावर घेतलं होतं. कुत्र्यासमोर त्या जमिनीवर बसकण मारायच्या, मूठ त्याच्या नाकापुढे धरायच्या आणि विचारायच्या, "मियाँ, इजाजत है?" त्यानं शेपूट हलवली की मगच कापसाची काडी त्याच्या गालाच्या आत फिरवायच्या.

बेगम बाजारातल्या एका मसालेवाल्या सेठनं त्यांना विचारलं, "बाई, इससे बाप कौन है वो भी मालूम पड़ता क्या?"

"हौ," काडी नळीत घालत बाई म्हणाल्या, "पर कुत्तों का इच, सेठ. आप घबराओ नक्को."

सेठपेक्षा त्याची बायको जास्त हसली.

मी क्लबचा सचिव. माझ्या सुलतानला प्रदर्शनांत पदकं मिळालेली. त्याच्या पिल्लांसाठी लोक थांबून राहायचे. त्याचा बाप धावता धावता कोसळून मेला होता, हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. सुलतान परक्यांवर गुरगुरायचा, म्हणून बाईंनी काडी माझ्याच हाती दिली. "तुमचा हात त्याच्या सवयीचा." मी मागच्या अंगणात गेलो आणि ती माझ्या दुसऱ्या कुत्र्याच्या गालात फिरवून आणली.

सुलतानमध्ये दोष नाही, असा प्रयोगशाळेचा अहवाल आला. त्याच्या भरवशावर बाईंनी आपल्या कुत्रीसाठी, मैनेसाठी, सुलतानला निवडलं. तिचं एक पिल्लू त्यांनी ठेवून घेतलं. ते जवान झालं आणि चेंडूमागे धावताना पडलं, ते उठलंच नाही.

प्रयोगशाळेनं त्याचा नमुना ताडून पाहिला. सुलतानच्या नावानं आलेली लाळ ज्या कुत्र्याची, तो याचा बाप नव्हताच. बैठकीत सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. काडी माझ्या हाती होती हे त्यांना आठवत असणार. पण सचिवाबद्दल शंका त्यांच्या मनाला शिवली नाही. "नळ्या माझ्याच पिशवीत होत्या," एवढंच त्या बोलल्या. त्यांच्याकडून काम काढून घेण्याचा ठराव मी वाचून दाखवला.

मग एकदा, सगळं सांगायचंच असं ठरवून काचीगुड्याला गेलो. दारातच बाई म्हणाल्या, "बरं झालं आलात, भाऊ. माझ्यामुळं तुमच्या सुलतानच्या नावाला बट्टा लागला. माफ करा मला."

मैना माझे बूट हुंगत होती.

"जाऊ द्या, ताई," मी म्हणालो, "माणूस चुकतं."

बाई रडल्या. त्यांचं मन हलकं झालेलं दिसत होतं. त्यांनी चहा टाकला, आणि मी तो बसून प्यालो.

यंदा बाई गेल्या. ताई, तुमच्या हातून काहीच चुकलं नव्हतं. ती लाळ मी बदलली. मला माफ करा.