न जोडलेल्या नळाचं पाणी

आधीच सांगते, भूतखेत, अंगात येणं, लिंबू-मिरची... यातलं काहीही आमच्या घरात चालत नाही. आम्ही बौद्ध. घरात वंदना होते, आणि कोणी 'बाहेरची बाधा' वगैरे म्हणालं की माझे मिस्टर त्याला आधी डॉक्टरकडे जायला सांगतात. इथले बरेच अनुभव मी वाचते आणि खरं सांगायचं तर हसते. म्हणूनच हे लिहिताना मला भीती नाही, राग येतोय. आज इतके महिने झाले तरी तो उतरलेला नाही.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. सासरे मिलच्या कामासाठी सुरतेला आले आणि इथलेच झाले. माझी लग्नानंतरची सगळी वर्षं नवागामच्या भाड्याच्या खोलीत गेली. मिस्टर उधन्याला एका डाइंग मिलमध्ये बॉयलरवर फिटर आहेत, मी घरी बसून साड्यांना लेस लावते. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर डिंडोलीच्या पुढे, एका नव्या सोसायटीत आमचं स्वतःचं घर उभं राहिलं. खाली दोन खोल्या, वर एक, गच्चीवर टाकी.

घर बांधणं सोपं हो! त्यात वीज-पाणी आणून दाखवा. विजेचा मीटर लागला तो शेजारच्या प्लॉटवाल्याच्या नावाने. गॅसवाले भिंतीवर पिवळा पाइप ठोकून गेले. गॅस सोडायला म्हणे दुसरी माणसं येतात... ती आलीच नाहीत. पण पाण्याने कहर केला. मेन लाइन रस्त्याच्या पलीकडून गेलेली. पलीकडच्या घरांना पाणी, आमच्या बाजूला ठणठणाट. रस्ता खोदायची परवानगी एका ऑफिसात, जोडणी दुसऱ्या ऑफिसात. खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणायचा, "काले आवजो, बेन." काले म्हणजे उद्या. तो उद्या काही उजाडेना. तोवर टँकर मागवायचा आणि टाकी भरायची.

आता नीट वाचा. ओट्यावर दोन नळ होते. एक टाकीचा आणि एक डायरेक्ट लाइनचा, पिण्याच्या पाण्यासाठी. या दुसऱ्या नळाचा पाइप प्लंबरने फाटकापर्यंत आणला, तोंडाला प्लग मारला आणि जमिनीत पुरून ठेवला. जोडणी मिळाली की तिथून जोडायचा. म्हणजे हा नळ कशालाच जोडलेला नव्हता. कशालाच नाही.

राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत, भर दुपारी, मी पुढच्या खोलीत लेस लावत बसले होते. आत पाण्याचा आवाज आला. जाऊन बघते तर सासूबाई डायरेक्ट नळाखाली तांब्या धरून उभ्या.

"आई, तो नळ बंद आहे ना!"

"काबरं वं? पानी ई ऱ्हायनं ना," त्या म्हणाल्या. का गं, येतंय की पाणी! त्या घरात अहिराणीच बोलतात.

मी चाखून बघितलं. गोड आणि थंडगार. टाकीचं पाणी त्या दिवसांत हात भाजेल इतकं तापायचं. मी नळ बंद केला आणि स्वतः फिरवला. फुस्स... नुसती हवा. आईंनी फिरवला, धार लागली.

मिस्टर कामावरून आले, म्हणाले, "प्लंबरने दोन्ही लाइनी एक करून ठेवल्या असणार." लगेच गच्चीवर जाऊन त्यांनी टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. टाकीचा नळ कोरडा पडला. दुसरा मात्र आईंच्या हाताखाली वाहतच होता! प्लंबरला बोलावलं. त्याने सगळे जॉइंट तपासले, लाइनी वेगळ्याच होत्या. तो डोकं खाजवत निघून गेला. मिस्टर जेवण उरकून बॅटरी घेऊन परत सगळे जॉइंट तपासत बसले. पाइपांमध्ये आयुष्य गेलेला माणूस... त्यांना ते सहनच होईना.

आई तेवढ्या मजेत. त्यांनी फाटकाशी लिंबाचं रोप लावलं आणि रोज बादलीने त्याला पाणी घालायला लागल्या. तेच समोरच्या मंजुबेनच्या डोळ्यांत खुपलं. टँकर तर आला नाही, मग यांच्याकडे पाणी कुठून? आम्हाला एका शब्दाने न विचारता तिने पाण्याच्या ऑफिसात तक्रार ठोकली.

आणि बघा गंमत! जोडणी द्यायला ज्यांना महिनोन्‌महिने माणूस मिळत नव्हता, त्यांचा साहेब दोन मजूर घेऊन सकाळी दारात हजर. मिस्टरांची तेव्हा रात्रपाळी होती, ते नुकतेच घरी आलेले. सगळी गल्ली गोळा झाली.

"कनेक्शन तो छे ज नै. पाणी क्यांथी आवे छे?" साहेबांनी विचारलं. कनेक्शनच नाही, मग पाणी येतं कुठून?

मी म्हटलं, "साहेब, आम्हालाही तेच विचारायचंय."

"चोरीनुं पाणी पीओ छो, ने उपरथी सामे बोलो छो?"

चोरी हा शब्द कळायला गुजराती यावी लागत नाही. आई पदर खोचत बाहेर आल्या. "चोर कोन? इकडे ये, देख."

साहेब आत आले. त्यांनी स्वतः नळ फिरवला. हवा. आईंनी फिरवला, पाणी. ते हसले. म्हणाले, कुठेतरी खटका लपवलाय तुम्ही, खोदा!

फाटकाशी मजुरांनी खोदलं. पाइप सापडला, प्लगला प्लंबरची पांढरी टेप जशीच्या तशी. प्लग काढला. आत थेंब नाही, नुसती धूळ. मिस्टरांनी पाइपचं मोकळं टोक हातात धरून सगळ्यांना दाखवलं. मी दारात उभी होते, मला दोन्हीकडचं दिसत होतं. इकडे कोरडं टोक, तिकडे आईंनी फिरवलेला नळ, आणि खालच्या पातेल्यात धो धो पाणी.

साहेबांनी पाइपात बोट घालून बघितलं. आत जाऊन धारेखाली हात धरला. परत बाहेर आले, परत आत गेले. मग अगदी हळू म्हणाले, "बंद करो, माजी."

आई नळाला हात लावेनात. "पहिले म्हन, आम्ही चोर नहीत."

साहेबांनी मजुरांना खड्डा बुजवायला सांगितलं आणि गाडीत बसून गेले. पाणी वाहत राहिलं. शेवटी मीच आईंचा हात धरून नळ बंद करायला लावला.

संपलं असं वाटलं ना? दुसऱ्या दिवशी दारात मंजुबेन! हातात नारळ, काखेत पितळी कळशी. "बा, आ तो माताजीनुं पाणी छे!" म्हणे देवीचं पाणी. पाठोपाठ आणखी बायका. कोणीतरी आमच्या फाटकाला कुंकू लावून गेलं. मी ओल्या फडक्याने खसाखसा पुसलं. मला रडूच आलं रागाने.

आई मात्र शांत होत्या. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीला आमच्या लोकांनी हात लावायचा नाही. भांडं घेऊन बाजूला उभं राहायचं, कोणी वरून ओतलं तर घ्यायचं. हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, मंजुबेनची कळशी भरता भरता. भरलेली कळशी त्यांनी स्वतः तिच्या कडेवर ठेवली.

"पानी लई जाय. पाया नको पडू. गल्लीले सांग, चोर नहीत म्हनीसन."

मंजुबेन मान हलवून गेली. नारळ आमच्या पायरीवरच ठेवून गेली. सांगितलं मात्र कोणालाच नाही.

त्याच आठवड्यात आमची जोडणी झाली. ना अर्ज, ना परवानगी, ना 'काले आवजो'. आता त्या नळाला सगळ्यांसारखं वेळेवर पाणी येतं आणि कोणीही फिरवला तरी येतं. इतर वेळी आईंनी फिरवला तरी हवाच. ते थंड पाणी पुन्हा आलं नाही. आईंना त्याचं वाईट वाटत नाही. मला वाटतं.

कोणी म्हणतं पाइपात हवा अडकली असेल, कोणी म्हणतं प्लॉटखाली जुनी विहीर असेल. अहो, कोरडं टोक हातात धरलं होतं आम्ही, अख्ख्या गल्लीसमोर! बादल्याच्या बादल्या कुठून भरत होत्या? मिस्टरांनी विचार करणं सोडून दिलंय. आणि माताजी-बिताजी तर मला सांगूच नका.

पाणी कुठून आलं ते मला माहीत नाही. 'चोर' हा शब्द कुठून आला ते माहीत आहे. तो अजून कोणी परत घेतलेला नाही.