गार पाण्याचा नळ

तुमच्या घरातलं म्हातारं माणूस किती गरम पाण्यानं आंघोळ करतं, ठाऊक आहे तुम्हाला? नसेलच. जपानातल्या बेप्पू गावातल्या शिगेनो उरासाकीबाईंना गल्लीतल्या एकूण एक बाईचं ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी काय केलं, ते ऐका.

शिगेनोबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. पन्नास वर्षं बांबूच्या टोपल्या विणल्या आणि त्या कामानं दोन्ही हातांची बोटं वाकवून ठेवली. सकाळी मुठी मिटलेल्या त्या मिटलेल्याच. चहाचा पेला दोन मनगटांत धरून प्यायचा. मग त्या गल्लीच्या न्हाणीघरात जात. पायऱ्या उतरून खाली दगडी हौद, त्यात जमिनीतून येणारं कढत पाणी, कोपऱ्यात लाल लाळेरं बांधलेला दगडी देव. गळ्यापर्यंत बुडून बसलं की दहा मिनिटांत एकेक बोट सुटायचं, गुडघ्यातली कळ उतरायची, त्या दिवशी झोपही लागायची. दवाखान्याच्या गोळ्यांनी पोट बिघडायचं, पाण्यानं कधी काही बिघडलं नव्हतं. हात चालले तर बाई चालणार, आणि हात चालायचे ते या हौदावर. गल्लीनं किल्लीही त्यांच्याकडेच ठेवली होती.

झऱ्याचं पाणी फार तापलेलं, म्हणून हौदावर गार पाण्याचा एक नळ होता. आत बसलेल्यांना विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, असा रिवाज. "थोडं गार सोडू का?" म्हणायचं, आणि आतल्यांनी "सोड की" म्हणायचं. नाही म्हणायची पद्धतच नव्हती. ती शिगेनोबाईंनी पाडली. कढत पाणी सोसेल तो इथला, बाकी सगळे पाहुणे, असा त्यांचा ताठा.

जानेवारीत इत्सुको माहेरच्या घरी परत आली. एकाहत्तर वर्षांची, चाळीस वर्षं ओसाकात काढलेली, नवरा नुकताच गेलेला. रक्तदाबाची गोळी चालू होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गरम पाण्यात जरूर बसा, अंग मोकळं होईल, मनालाही बरं वाटेल. पण पाणी चाळीस अंशांच्या आसपास हवं, बसायचं दहा मिनिटं आणि उठायचं सावकाश. हे तिनं पहिल्याच दिवशी शिगेनोबाईंच्या कानावर घातलं होतं.

"शिगेनोताई, थोडं गार सोडू का?" तिनं हौदाच्या काठावरून विचारलं.

"ओसाकात कातडी पातळ झाली वाटतं तुझी," शिगेनोबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "ये गुमान. आमच्या अंगाला काही फोड आले नाहीत."

आतल्या दोघी फिदीफिदी हसल्या. इत्सुकोही हसली आणि उतरली. आधी उठलं तर पुन्हा हसतील म्हणून वीस मिनिटं बसून राहिली. मग एकदम उठली. वरच्या, कपडे बदलायच्या खोलीतून बर्फासारखा गारठा आला, दुसऱ्या पायरीवर तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती चालली नाही.

आठवड्याभरात गल्लीची बैठक बसली. प्रमुख तोकुमारू, बसचालक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मांडलं की गरम पाणी म्हाताऱ्यांना धोक्याचं आहे, उद्या कुणी मेलं तर जबाबदार कोण, तेव्हा न्हाणीघर बंद करू. माना हलल्या. साठ घरांची अकरा उरली होती, हौद घासायच्या पाळ्या कुणालाच नको होत्या. कारण हवं होतं, ते आयतं मिळालं.

शिगेनोबाई गप्प बसल्या असत्या तर त्यांना कुणी बोट लावलं नसतं. त्या उठल्या.

"पाण्यावर कशाला ढकलता? तिनं गार मागितलं होतं, मी दिलं नाही. माझ्याकडची किल्ली काढून घ्या, मला आत येऊ देऊ नका. नळ उघडा ठेवा, भिंतीवर तापमापक लावा, कपड्यांच्या खोलीत शेगडी ठेवा. पण हौद बंद करू नका."

तोकुमारूंनी मान लववली. तुमच्या मनाचा मोठेपणा आहे, म्हणाले, आणि मत घेतलं. नऊ विरुद्ध दोन. गोड बोलून गळा कापणं आणखी कशाला म्हणायचं?

शिगेनोबाई वृद्धाश्रमात इत्सुकोला भेटायला गेल्या. तिथं आठवड्यातून दोनदा ओल्या फडक्यानं अंग पुसतात. बाईंनी जमिनीला कपाळ टेकलं.

"पाणी चांगलं होतं, ताई," इत्सुको म्हणाली. "मला फक्त जरा गार हवं होतं."

आता न्हाणीघराला कुलूप आहे. झरा मात्र कुणाचं ऐकत नाही. ते पाणी मागच्या गटारातून वाहून जातं. रोज सकाळी शिगेनोबाई गटाराच्या जाळीशी उकिडव्या बसतात आणि वाफेवर हात धरतात. वाफेनं कातडी ओली होते. बोटं सुटत नाहीत.

म्हणून एवढंच करा. आज तुमचं म्हातारं माणूस आंघोळीला निघालं की हातातलं काम टाकून उठा, त्याच्या पाण्यात आपलं कोपर बुडवून बघा, आणि त्यानं गार मागितलं तर हसू नका. ओता.