भरसभेतला नकार

तापलेल्या धुळीत डिझेलचा वास मिसळला की मला वडनेरच्या आमच्या किराणा दुकानातली एक दुपार आठवते. लोकसभेचा प्रचार जोरात होता. आदल्या दिवशी सभेत उमेदवाराने विचारलं होतं, "माझ्यावर भरवसा आहे ना?" सगळ्यांनी हात वर केले, पण माझे सासरे उभे राहून म्हणाले, "नाई. मागच्या खेपेले पूल बांधतो म्हणून गेलते, मंग तोंड दाखवलं नाई." दुसऱ्या दिवशी दुकानासमोर जीप थांबली आणि उमेदवाराची चार माणसं उतरली. "कालचा तो म्हातारा कुठं आहे?" "गावाले गेले," मी खोटंच सांगितलं. तेवढ्यात सासरे स्वतःच आतून आले, पायात चपला सरकवल्या आणि जीपमध्ये बसले. दिवेलागणीपर्यंत मी दारातून हलले नाही. प्रत्येक गाडीच्या आवाजाला मी रस्त्याकडे वाकून बघे. अखेर ते चालत परतले, धडधाकट. "काय म्हणाले ते, मामाजी?" "सभेत पुन्हा उभं नका राहू म्हणे." "मंग तुम्ही?" "हो म्हटलं," ते जमिनीकडे बघत म्हणाले. त्या क्षणी मला केवढं हायसं वाटलं! आता त्याचीच लाज वाटते.