गोळ्यांची वाटणी

हौसेराव शेलारांनी आयुष्यात चुका बऱ्याच केल्या. मेव्हण्याच्या शब्दावर विसंबून शिरवण्यात लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली, ही त्यातली एक. पण ज्या चुकीपायी एका इस्पितळातले शिकलेसवरलेले डॉक्टर कपाळाला हात लावून बसले, ती त्यांनी निव्वळ चांगुलपणाने केली. आणि ती त्यांच्या धंद्यातल्या माणसालाच सुचावी अशी होती.

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात ते एकतीस वर्षं माथाडी. बारा जणांची टोळी, सगळे जावळी खोऱ्यातले, मुकादम मारोती. ट्रकात गोण्या काही सारख्या वजनाच्या नसतात. पण या टोळीत निवडून उचलायची सोय नव्हती. एक जड घेतली की पुढची हलकी, मग पुन्हा जड, अशी प्रत्येकाची पाळी. एकाच्या पाठीवर सगळं जड आणि दुसऱ्याच्या पाठीवर सगळं हलकं, हे तिथे पाप. हौसेरावांनी देवाधर्माचं फारसं काही केलं नाही, पण ही रीत कधी मोडली नाही.

मार्चमधल्या एका सकाळी थप्पीतल्या गोणीला लोखंडी आकडा लावायला त्यांनी उजवा हात उचलला, आणि तो वर गेलाच नाही. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. मारोतीने जराही वेळ न दवडता त्यांना टेम्पोत घालून नेरुळच्या एका इस्पितळात नेलं. जीव वाचला. हात मात्र परक्याचा असल्यासारखा अंथरुणावर पडून राहिला. माथाडीचा उजवा हात गेला म्हणजे काय गेलं, हे त्यांच्या बायकोला, राजाबाईंना, कुणी समजावून सांगायला नको होतं. हाताशिवाय टोळीत जागा नाही, आणि टोळीशिवाय हा माणूस घरात बसून सुकून जाईल, ही धास्ती त्यांनी घेतली होती.

शेजारच्या खाटेवर जयप्रकाश सोनकांबळे होते. मूळचे नांदेडकडचे, राहायला करंजाड्याला, तळोज्यातल्या एका कारखान्यात डिस्पॅचचे क्लार्क. त्यांना त्याच आठवड्यात झटका आला होता आणि डावा हात गेला होता. हौसेराव रामराम म्हणायचे, ते जय भीम म्हणायचे. तिसऱ्या दिवशी दोघांनी एकमेकांचे शब्द उचलले आणि ओळख पक्की झाली.

त्याच दिवशी क्षिप्रा कागद घेऊन आली. ती तिथली तरुण डॉक्टर, एका नव्या अभ्यासाचं काम बघणारी. खुर्ची ओढून दोन खाटांच्या मध्ये बसली आणि सावकाश सांगू लागली.

"मेंदूचा एक तुकडा रक्ताविना मेला की शरीराचे शिपाई तिकडे धावतात. जातात साफसफाईला, पण गर्दी एवढी करतात की शेजारचा चांगला भागही सुजतो. ही गोळी त्या शिपायांना थोडे दिवस थोपवून धरते. किडनी बदललेल्यांना देतात, त्याच जातीचं औषध आहे. याने हात जास्त सुधारतो का, ते आम्हालाही माहीत नाही. म्हणून तर अभ्यास."

"थप्पी कोसळली की आख्खी टोळी वर चढती," हौसेराव अडखळत म्हणाले, "आन खाली दबलेला आनखी दबतो. त्यातलंच म्हना की."

"अगदी तसंच, काका. पण शिपाई थोपवले की बाहेरच्या जंतूंना रान मोकळं. ताप आला, खोकला आला, की लगेच यायचं." मग तिने महत्त्वाचं सांगितलं. निम्म्या लोकांना खरं औषध मिळणार, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी गोळी. कुणाला कुठली ते कॉम्प्युटर ठरवणार. ते ना त्यांना कळणार, ना तिला. प्रत्येकाला नंबर घातलेली गोळ्यांची डबी; ज्याची डबी, त्यानेच गोळ्या खायच्या.

जयप्रकाशांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि सही केली. हौसेरावांनी डाव्या हाताचा अंगठा दिला. पण ती निम्म्याची गोष्ट त्यांच्या घशाखाली काही उतरली नाही.

आठवड्याने दोघे घरी गेले. एक दिवसाआड व्यायामासाठी इस्पितळात यायचं होतं, तिथे गाठ पडायची. व्यायाम झाला की बाहेरच्या बाकावर बसून दोघे मिळून एक संत्रं सोलायचे. एकाचा डावा हात, दुसऱ्याचा उजवा. निम्मं संत्रं साल निघेपर्यंत चिरडायचं, तरी खायचे. अशाच एका सकाळी हौसेरावांनी खिशातून आपली डबी काढली.

"साहेब, तुमची काढा. दोनी येक करू आन निम्मं निम्मं घिऊ."

"असं चालत नाई, हौसेराव. डबीवर नंबर हाये. लिवून दिलंय आपुन."

"लिवलंय ते बराबर. पर येकाच्या पाठीवर समदं जड, ही कंची रीत? उद्या म्या हात हलवत बसलो आन तुमचा तसाच ऱ्हायला, तर तुमच्याम्होरं कोन्या तोंडानं बसू?"

जयप्रकाश म्हणजे जन्मभर गेटपासवर शिक्का नसेल तर ट्रक अडवून धरणारा माणूस, पण या वाक्याला त्यांच्याकडे नियम नव्हता. त्यांनी रुमाल पसरला. दोन्ही डब्यांतल्या गोळ्या त्यावर ओतल्या, हाताने कालवल्या आणि पुन्हा सारख्या भरल्या. घरी त्यांनी आपापल्या बायकोला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. दोघांनाही त्या दिवशी छान झोप लागली. चांगुलपणाच्या भरात माणूस कागदावरचं अक्षर किती चटकन विसरतो!

दहाबारा दिवसांत हौसेरावांचा अंगठा तर्जनीला टेकला. राजाबाईंनी मजल्यावर साखर वाटली. हौसेरावांची खात्रीच झाली की औषध लागू पडतंय, आणि डबीला ते देवासारखं जपू लागले.

मग एके दिवशी जयप्रकाश व्यायामाला आले नाहीत. चौकशी केली तर ते वरच्याच मजल्यावर दाखल होते. छातीत जंतू झाले होते, ताप चढला होता. हौसेराव आणि राजाबाई वर गेले. दाराबाहेर जयप्रकाशांची बायको शर्मिला उभी होती.

"डाक्टरांनी यांचा नंबर उघडून बघितला, दादा. यांची गोळी साधीच निघाली. तवा औषधाचा काई संबंध नाई म्हनले. पन तीन दिस झाले, ताप उतरंना."

हौसेराव बाकावर बसले. डॉक्टरांना वाटत होतं, या माणसाच्या अंगात नुसतं पीठ गेलंय. आत काय गेलं असेल, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक तापात बरळत होता. सांगावं, तर डबी जाणार, आणि नुकती कुठे हलू लागलेली बोटं पुन्हा निजतील. ते घाबरले. सत्तर किलोची गोणी पाठीवर घेताना न घाबरणारा माणूस एका डबीपायी घाबरला.

त्यांनी राजाबाईंना हळू आवाजात सगळं सांगितलं. राजाबाई आधी संतापल्या, मग त्यांचे डोळे भरून आले.

"हात येतूय न्हवं तुमचा?"

"येतूय."

राजाबाईंनी दारापाशी उभ्या असलेल्या शर्मिलाकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या खिशातली डबी काढून त्यांच्या हातात दिली. "जावा, सांगा जावा. म्या बसती त्यांच्यापाशी."

क्षिप्राने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. रागावलीही. मग तातडीने फोन फिरवून तिने हौसेरावांचा नंबर उघडायला लावला. त्यांची गोळी खरी होती. म्हणजे जयप्रकाशांच्या अंगात हौसेरावांच्या वाट्याचं औषध जात होतं, आणि त्यांचे शिपाई थोपवलेले होते. ती वॉर्डकडे धावली. जयप्रकाशांच्या गोळ्या बंद झाल्या, तपासण्या बदलल्या, औषधं बदलली. संध्याकाळी परत आली तेव्हा हौसेराव तिथेच बसून होते.

"राहिलेल्या गोळ्या मला द्याव्या लागतील, काका. यात खरी कुठली, साधी कुठली, मीही सांगू शकत नाही. अभ्यासातून तुमची दोघांचीही नावं गेली."

"आन पुऱ्या खाल्ल्या असत्या, तर हात पुरा आला असता?"

"ते कुणालाच माहीत नाही. कदाचित काहीच फरक पडला नसता."

त्यानंतर पाचव्या दिवशी जयप्रकाशांचा ताप उतरला. हौसेरावांनी त्यांना सगळं सांगितलं.

"म्हंजे अर्धा हात दिला तुमी मला."

"हात न्हाय, साहेब. ताप दिला."

जयप्रकाशांनी उशीजवळचं संत्रं चाचपून काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "धरा मंग. सोलू."

हौसेरावांची बोटं परत निजली नाहीत, पण फार पुढेही गेली नाहीत. कप धरता येतो, आकडा पेलत नाही. गोळ्यांची गोष्ट एव्हाना टोळीपर्यंतही पोचली होती. दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांनी वजन न उचलण्याच्या अटीवर मार्केटात जायला परवानगी दिली. मारोतीने त्यांना थप्पीच्या कडेला बसवलं आणि फाटक्या गोण्यांचा ढीग पुढ्यात टाकून दाभण-सुतळी दिली. हौसेराव दिवसभर ट्रककडे बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"मारोती, माझ्या पाळीची जड गोनी कोन उचलतंय?"

"समदे. पाळीपाळीनं."

"आन म्या हितं सावलीत बसून सुतळी ववायची? ही कंची रीत?"

"तुझीच की," मारोती गोणीखाली वाकत म्हणाला. "गोळ्या वाटल्यास, तवा आमाला इचारलं व्हतंस का?"

हौसेरावांनी उजव्या हाताच्या दोन बोटांत गोणीचं तोंड धरलं, डाव्याने दाभण घातला आणि टाके घालायला लागले.