परदेशी गेलेल्या सरांचा नांदेडातला तोतया

माझ्या सेवेतली एक घटना अजून मनातून जात नाही. तोतयेगिरी, दुसऱ्याच्या चेहऱ्याचा गैरवापर, परदेशापर्यंत पोहोचणारे धागेदोरे, असे सगळे तिच्यात होते. निदान तक्रारीत तरी होते.

लातूर शहरातल्या एका ठाण्यात मी नुकताच निरीक्षक म्हणून रुजू झालो होतो. सकाळची हजेरी आटोपली होती. ठाणे अंमलदार रात्रीच्या नोंदी वाचून दाखवत होते, तेवढ्यात कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढलेले एक वयस्कर गृहस्थ आत आले. मोंढ्यात त्यांचे डाळीचे दुकान होते. सगळे त्यांना अप्पा म्हणत. खुर्चीवर बसायच्या आधीच ते म्हणाले,

"साहेब, माझ्या पोराचा तोतया नांदेडात फिरून राहिलाय. त्याला धरा."

मी पाणी मागवले आणि पहिल्यापासून सांगायला सांगितले. मुलगा लातूरच्याच एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचा. आखातातल्या एका देशातल्या शाळेने त्याला निवडले होते. निवड कशी झाली हे सांगताना अप्पांचा आवाज चढला.

"आधी मुलाखत मोबाईलवरच झाली. मग म्हणले, शिकवून दाखवा. पोरानं घरात फळा टांगला, समोर मोबाईल ठिवला आन् तासभर शिकवलं. समोर एक विद्यार्थी न्हाई! मग डिग्रीवर शिक्के. मुंबईचा एक, दिल्लीचा एक, वर त्या देशाच्या वकिलातीचा एक. माझ्या शेताच्या कागदावर एवढे शिक्के न्हाईत साहेब."

"मग ते गेले?"

"गेला की! आम्ही सत्कार केला, बँड लावला, स्टँडवर सोडाया आख्खी गल्ली आली. आन् आता आमचा मोंढ्यातला दलाल सांगून राहिलाय, तुमचे सर नांदेडात स्टेशनच्या मागं केळी घेताना दिसले. माझं पोरगं परदेशात असताना नांदेडात केळी घेणारा ह्यो कोण?"

मी मुलाचा फोटो मागितला. अप्पा म्हणाले, "चौकात हाय की. दहा फुटाचा."

ते खरे होते. ठाण्यावर येता-जाता मी तो फलक रोज पाहत होतो. फेटा बांधलेले सर, मागे उडते विमान, खाली अभिनंदन करणाऱ्या मंडळींचे चेहरे. काहींचे चेहरे सरांपेक्षा मोठे होते.

"मुलाशी बोलणं होतं का?"

"रोज सांजच्याला. व्हिडिओवर. कोट-टाय घालून बोलतो."

"मागे काय दिसतं?"

"भिंत."

"आणखी काय?"

"भिंतच. पर लई पांढरी भिंत साहेब. आपल्याकडं असली भिंत न्हाई."

"काही ऐकू येतं?"

"कधीमधी कीर्तन येतं. गुरुद्वारा हाय म्हणं जवळ. रेल्वे स्टेशनबी जवळच असंल. गाड्यांचं पुकारतेत ना, ते ऐकू येतंय." अप्पांनी नजर वर वळवली. "मराठीतबी पुकारतेत."

मी लिहिणे थांबवले. अप्पा छताच्या पंख्याकडे पाहत होते.

मला हसू आले नाही. एजंटाने फसवलेली मुले मी पाहिली होती. पासपोर्ट काढून घेतलेला, खोटा व्हिसा हातात दिलेला, आणि गावाला तोंड कसे दाखवायचे म्हणून मुलगा कुठल्यातरी लॉजवर पडून. अशी मुले घरी परतत नाहीत, आणि कधी कधी जिवाचे काही करून घेतात. बोभाटा नको म्हणून मी गुन्हा नोंदवला नाही. स्टेशन डायरीत अर्जाची नोंद घेतली. एका जुन्या खटल्यातल्या साक्षीसाठी दोन दिवसांनी मला नांदेडला जायचेच होते.

कोर्टातून दुपारी सुटलो, साधे कपडे घातले आणि स्टेशनच्या मागच्या बाजूला पायी फिरू लागलो. तपासात मी एक गोष्ट पाळत आलो. लॉजच्या मॅनेजरला शेवटी विचारायचे, खानावळीत आधी. मॅनेजरने पोलीस पाहिला की तो स्वतःचे नावही विसरतो. खानावळवाली बाई मात्र कोण किती पोळ्या खातो, कुणाला वांगे चालत नाही, हे न विचारता सांगते.

तिसऱ्या खानावळीच्या मावशींनी वाक्य पुरे होऊ दिले नाही.

"हाव, हायत की एक सर. वरच्या खोलीत ऱ्हातेत. लई गुणी माणूस. फकस्त एक खोड हाय. सांज झाली की वरून कोट-टाय, खाली लुंगी, आन् माझ्या भिंतीपुढं हुभं राहून मोबाईलवर बोलतेत. आवंदाच चुना मारून घेतलाय म्या."

"कुणाशी बोलतात?"

"मुलाखत हाय म्हणतेत. रोजच मुलाखत! मी म्हणलं, सर, अशी कसली नोकरी हो, रोज इच्यारतेत आन् घेत न्हाईत?"

मी जिन्याच्या तोंडाशी थांबलो. सांज होताच वरून आवाज आला. "हाव अप्पा, जेवण बरं हाय. इथं उकाडा लई हाय, बस." नांदेडला तेव्हा चाळीसच्या वर पारा होता, त्यामुळे एवढे विधान तरी खरे होते. बोलणे संपल्यावर मी वर गेलो. फलकावरचा चेहरा समोर उभा होता. फेटा नव्हता, लुंगी होती.

ओळखपत्र दाखवले. सरांनी पहिल्याच प्रश्नाला स्वतःचे खरे नाव सांगितले आणि पलंगावर बसले. चौकशीचे जे काही कसब मी सेवेत कमावले होते, ते त्या दिवशी वापरावेच लागले नाही. या माणसाला कुणाला तरी सांगायचेच होते.

"एजंटाने फसवलं का?"

"एजंट नव्हताच साहेब. शाळा खरी आहे. नोकरीपण खरी आहे." त्यांनी सगळी कागदपत्रे पलंगावर मांडली. नेमणुकीचे पत्र, शिक्के मारलेली पदवी, वैद्यकीय तपासणी. सगळे चोख होते. "फक्त पोलिसांचा दाखला राहिलाय. माझ्यावर गुन्हा नाही एवढा. तो आला की व्हिसा मिळतो."

"मग दाखला येण्याआधी सत्कार कसा झाला?"

"पुढाऱ्यांची तारीख मिळाली होती," सर म्हणाले. "ते म्हणाले, ह्या महिन्यात हाच एक दिवस रिकामा. अप्पांनी हॉल धरला. मी म्हणालो, कागद येऊ द्या. तर अप्पा म्हणाले, कागद काय, आज ना उद्या येतोच. फेटे बांधले, शाली घातल्या, स्टँडवर नेऊन बसमध्ये बसवलं. साहेब, बँड वाजत असताना बसमधून उतरता येत नाही."

स्टँडवर पहिली लागलेली बस नांदेडची होती, म्हणून ते नांदेडला आले. आठवडाभरात दाखला येईल आणि इथूनच विमानतळ गाठू, असा हिशेब होता. दाखला आला नाही. संगणकावर अर्जापुढे 'पोलीस अहवाल प्रतिकूल' एवढेच दिसत होते. लातूरला जाऊन विचारावे, तर ठाणे घरापासून दोन गल्ल्यांवर.

"आता शाळेने कळवलंय," त्यांनी मोबाईल पुढे केला. "महिनाअखेर कागद नाही आले तर दुसऱ्याला घेणार. त्यांची मुलं शिक्षकाविना बसलीत. त्यांचंही बरोबर आहे." मग कागद गोळा करत म्हणाले, "तसं झालं तर मी घरी काय सांगू साहेब? सत्कार परत करता येतो का?"

मी तिथूनच आमच्या ठाण्यात पासपोर्टचे काम पाहणाऱ्या हवालदारांना फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. सरांचे नाव सांगितले, दाखला का अडला ते विचारले.

"ते न्हाई जमायचं साहेब. तुम्ही यायच्या आधीच अहवाल गेलाय. अर्जदार पत्त्यावर ऱ्हात न्हाई. परदेशात गेलाय."

"कोण म्हणालं?"

"मी सोता घरी जाऊन आलो. गल्ली म्हणाली, गेले. वडील म्हणाले, गेला. वर मलाच चौकात न्हेऊन फलक दाखवला."

"हवालदार, ते सर आत्ता माझ्यासमोर बसलेत."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग हवालदारांनी काळजीने विचारले, "मग साहेब, तुम्ही कुठं हाव?"

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मावशी पाण्याचा तांब्या घेऊन वर आल्या. ज्याला परदेशी जायचा दाखला हवा होता, तो आधीच गेला आहे या कारणाने आमच्या खात्याने त्याला जाऊ दिले नव्हते. आणि त्याचा भक्कम पुरावा चौकात दहा फुटांचा टांगलेला होता.

उपाय सोपा होता, पण सरांना तो पटेना. फेरपडताळणीला अर्जदार पत्त्यावर प्रत्यक्ष हजर हवा आणि शेजारचे दोन साक्षीदार हवेत.

"शेजारी?" सर म्हणाले. "त्यांनीच मला फेटा बांधला साहेब!"

"मग ओळखतील," मी म्हणालो. "ओळख पटणं महत्त्वाचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना जीपमध्ये घालून लातूरला आणले. गल्लीत जीप थांबली तशी माणसे ओट्यांवर आली. पोलिसांच्या गाडीतून सर उतरले. माझ्या मनात आले, आता या माणसाचे काही खरे नाही.

पहिला आवाज समोरच्या किराणा दुकानदाराचा आला. "अरे, सर! सुट्टीला आलासा?"

"रंग बघा की कसा रापलाय," दुसरा म्हणाला. "उन्हाचा देश."

सगळ्यांनी जीपवरची अक्षरे वाचली होती. वाचता येत नाही असे दाखवणे त्यांनी पसंत केले. सर पाया पडायला वाकले. अप्पांनी त्यांना उभे केले, वरपासून खालपर्यंत पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "इमान येळेवर आलं का?"

आत गेल्यावर अप्पांनी दार लोटले आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तोतया घावला न्हाई ना साहेब?"

"नाही अप्पा."

"मग ऱ्हाऊ द्या. कागद फाडा." मग मुलाकडे न पाहता म्हणाले, "मराठीत पुकारलं तवाच कळलं होतं. मी गेलो असतो तर ह्यो आजून लांब पळाला असता. पोलिसाला न्हाई म्हणता येत न्हाई."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला अनेकांनी कामाला लावले होते. जीपसकट, न कळता आणि इतक्या सभ्यपणे लावणारे अप्पा पहिलेच.

पण त्यांनाही एक गोष्ट माहीत नव्हती, ती मी सांगितली. दाखला त्यांच्याच जबाबावर अडला होता. अप्पा खाली बसले. "मंजी पोराला मीच आडवलं?"

"तुम्ही आणि फलकाने."

मी हवालदारांना बोलावून शेजाऱ्यांचे जबाब लिहून घेतले तेव्हा अप्पा घरात नव्हते. ते चौकात होते. शिडी लावून, धोतराचा काचा मारून, स्वतःच्या हाताने फलकाच्या दोऱ्या सोडत होते. खाली उभे राहून शिडी धरणारे सर होते.

दाखला गेला, महिना संपायच्या आत व्हिसाही आला. यावेळी बँड नव्हता. घरचे आणि ते दोन साक्षीदार स्टँडवर गेले होते. त्यानंतर एका सकाळी अप्पा ठाण्यात आले आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. सर कोट-टाय घालून उभे होते आणि मागे भिंत दिसत नव्हती, कारण वर्गातली सगळी मुले उठून हात हलवत होती. सर म्हणाले, "साहेब, खाली पँट आहे." हवालदारांनी ते चित्र दोनदा निरखून पाहिले. त्यांची खात्री पटली.

अप्पांना एकच तक्रार होती. "पोरं जरा सरकली की भिंत दिसती. नांदेडची भिंत पांढरी व्हती साहेब."

निवृत्तीनंतर मी पोलीस तपासावर व्याख्याने देतो; या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक तिथे विचारतात. एवढे शिकलो की तक्रार खोटी असली तरी तक्रारदार खोटा असतोच असे नाही. त्यामुळे पुढे कुठलाही विचित्र अर्ज आला तरी मी आधी पाणी मागवायचो आणि माणसाला बोलू द्यायचो. एका बापाने परक्या गावात तोंड लपवून बसलेले मूल घरी आणायला कायद्याचा किती हळुवार उपयोग केला होता, हे मला अप्पा पंख्याकडे पाहत होते तेव्हाच कळायला हवे होते असे आजही वाटते.

मी निवृत्त झालो तेव्हा अप्पा घरी आले आणि त्यांनी मला मानाने शाल पांघरली. पुढे घडी मोडताना तिच्यातून वाळलेल्या अक्षता पडल्या. ती सरांच्या सत्कारातली होती. त्या दिवशीच्या सगळ्या शाली लातूरलाच राहिल्या होत्या. त्या देशात बारा महिने उकाडा असतो.